यादीबाहेरच्या एकोणीस गोष्टी

जूनचा दुसरा सोमवार, सकाळी दहा. बंगळूरमधल्या हेब्बाळच्या ऑफिसातली चौथ्या मजल्यावरची लहान मीटिंग रूम.

हजर:
कौस्तुभ, माझा मॅनेजर. पुण्याचा, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, मला ‘ताई’ म्हणतो.
श्रुती, एचआरमधली. म्हैसूरची. कोणी काहीही बोललं की ‘सरी, सरी’ म्हणते, म्हणजे ‘बरं, बरं’.
मी, मेधा. वय सत्तेचाळीस. सात महिन्यांच्या आजारपणाच्या रजेनंतर हजर.
खाली पार्किंगमध्ये, गाडीत: सुहास, माझा नवरा. त्याला थांब म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

विषय: माझं आता काय करायचं.

आम्ही खुर्च्या सरकवून बसतो न बसतो तोच कौस्तुभ म्हणाला, “ताई, मिनिट्स तुम्हीच लिहा ना. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही.”

तीन वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये तो हेच म्हणत आला होता, त्यामुळे सवयीने तोंडातून गेलं. जिचं काय करायचं ते ठरवायला बसलोय, त्या बैठकीचा वृत्तान्त तिच्याच हातात देऊ नये, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. मी पिशवीतून पेन काढलं. सात महिन्यांत पहिल्यांदाच मला कडकडून भूक लागली.

मी हे दोन कारणांसाठी लिहिते आहे. माझ्यासारखं कोणी आत्ता घरात पडद्याआड पडून असेल आणि कामावर परत कसं जायचं याचा विचार करत असेल, तर त्याला काही उपयोग व्हावा. दुसरं कारण म्हणजे मला राग आहे आणि तो मला नीट घडी घालून ठेवायचा आहे. आजारपणावर लिहिणारे बहुतेक लोक शेवटी सगळ्यांचे आभार मानतात. मी दोघींचे मानणार आहे.

लिफ्ट

आमची कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. रक्त तपासून झालं की तुमच्या हातात जो छापील रिपोर्ट येतो, तो आमच्या सॉफ्टवेअरमधून येतो. दर महिन्याला एका शनिवारी, सकाळी सहा वाजता, त्याची नवी आवृत्ती चाळीसेक लॅबमध्ये चढवायची. याला रिलीज म्हणतात, आणि अकरा वर्षं हे काम माझं होतं. त्यासाठी मी चौऱ्याऐंशी कलमांची यादी केली होती. ती सगळ्यांकडे असायची. एकेक कलम करायचं, खूण करायची, पुढे जायचं.

ते काम मला आवडायचं, हे आधीच सांगते. मी कामाने आजारी पडले नाही. कामाच्या भोवतीच्या गोष्टींनी पडले. कौस्तुभ आला आणि त्याने केबिनच्या भिंती काढल्या. सगळे एका हॉलमध्ये, लांब टेबलांवर. दिवसातून तीन वेळा उभ्याउभ्या मीटिंग, म्हणजे स्टँडअप, शुक्रवारी दुपारी गाणी. कोणीही मागून येऊन खांद्यावर हात ठेवणार, “ताई, दोन मिनिटं?” शिवाय टीममधलं जे काम कोणाला नको असेल ते माझ्याकडे, त्याच एका वाक्यासकट. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही. तीन वर्षं मी ते कौतुक समजत होते.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी मी तळमजल्यावर लिफ्टसमोर उभी राहिले. मला चौथ्या मजल्यावर जायचं होतं. बटण कुठलं, ते ठाऊक होतं. बोट पुढे जाईना. मागून लोक आले, “मॅडम, कौन सा फ्लोअर?” आणि मला ‘चार’ म्हणता येईना. शब्द ठाऊक होता, पण घशापर्यंत येत नव्हता. मी कुंडीच्या कट्ट्यावर बसले आणि हातांनी कान दाबून धरले.

गेटवरच्या सुरक्षारक्षक नागम्मा अक्कांनी काही विचारलं नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्या शेजारी ठेवला आणि आपली खुर्ची माझ्यासमोर अशी फिरवून बसल्या की येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांची पाठ दिसावी, मी दिसू नये. आभार मानायच्या दोघींपैकी ही पहिली.

मग कौस्तुभ खाली आला. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “ताई, स्टँडअप तेवढी घेऊन टाका, मग बसा ना शांत.”

मी घरी गेले. त्याने ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, ‘मेधाताईंना थोडा मेंटल इश्यू झाला आहे. सगळ्यांनी पॉझिटिव्ह एनर्जी पाठवा.’ त्याखाली जोडलेले हात आले. मी दोन दिवस एक शब्दही बोलू शकले नाही, पण मोजू शकत होते. एकतीस हात होते.

कोरमंगला

पहिल्या डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं, दुसऱ्यांनी व्हिटॅमिनचं. तिसऱ्यांनी सकाळी चालायला जा म्हणून सांगितलं. जानेवारीत आम्ही चौथ्यांकडे गेलो, कोरमंगलाला. या बाई मूळच्या धारवाडकडच्या, त्यामुळे मराठी येतं, कानडी हेल काढून बोलतात.

मी माझ्या तक्रारींची फाइल नेली होती. त्यांनी ती उघडली आणि चष्मा वर सरकवला.

“यादी घेऊन बरेच लोक येतात. अनुक्रमणिका करून कोणी येत नाही.”

हे कौतुक आहे की तक्रार, ते मला पटकन कळत नाही.

“माणसांत वावरता, ते पण यादी करूनच की काय?”

सुहास हसला. मला हसू आलं नाही, कारण ती यादी खरोखरच होती, फोनमध्ये, पंचवीस वर्षांची. मी ती उघडून दिली. ‘कोणी “जेवलात का” विचारलं तर पदार्थ सांगायचे नाहीत.’ ‘डोळ्यांत बघायचं नसेल तर भुवयांच्या मध्ये बघायचं.’ ‘लग्नात नवऱ्या मुलीची साडी छान आहे असं एकदाच म्हणायचं.’ डॉक्टरांनी दोन पानं वाचली आणि फोन सुहासकडे दिला. तो वाचता वाचता थांबला. मी वाकून कलम पाहिलं. ‘सुहास “काही नाही” म्हणाला की काहीतरी असतं. एकदा विचारायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर चिडतो.’

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली आहेत. त्याने फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि नंतर तासभर काही बोलला नाही. मी एकदाही विचारलं नाही.

निदान आणखी दोन भेटींनंतर झालं. मी ऑटिस्टिक आहे, जन्मापासून. जे झालं त्याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात. वर्षानुवर्षं बाकीच्यांसारखं दिसण्यात सगळी ताकद घालवली की एक दिवस आतला साठा संपतो, आणि मग बोलणं, बटण दाबणं, असल्या फुकटात मिळणाऱ्या गोष्टीही जातात. “एवढं सगळं करत होता. थकणारच की,” डॉक्टर म्हणाल्या. बायका इथे रडतात, असं मी ऐकलं होतं. मला रडू आलं नाही. सगळ्यांची नावं एकेक करून डोळ्यांसमोर आली.

सांगलीला आईला फोन केला. ती म्हणाली, “तू लहानपणापासून अशीच. मला वाटायचं, हुशार आहेस.”

याला मराठीत स्वमग्न म्हणतात. ज्या बाईने सत्तेचाळीस वर्षं सतत दुसऱ्यांचे चेहरे वाचण्यात घालवली तिला स्वतःत मग्न म्हणायचं. हा शब्द ज्याने केला त्याच्यासाठी मी वहीत एक ओळ राखून ठेवली आहे. नाव सापडलं की भरीन.

वही

कुठली वही, ते सांगते. आम्ही येलहंकाला राहतो. हवाई दलाची विमानं सकाळी सरावाला निघाली की मी न्हाणीघरात दार लावून बसायची. घरात मिक्सर लावणं बंद झालं होतं. चटणी करायची असली की माझी मुलगी सई तो बाल्कनीत नेऊन लावायची आणि वर गोधडी टाकायची. ती सतरा वर्षांची आहे. तिने मला एकदाही ‘आता कसं वाटतंय’ असं विचारलं नाही. ती चिठ्ठी लिहायची, ‘भात की पोळी? बोट दाखव.’ आभारातली दुसरी ही.

सुहासने सोसायटीत सगळ्यांना सांगितलं की मला थायरॉईड झालंय. शेजारच्या अक्का रोज सकाळी धण्याचं पाणी घेऊन यायच्या, थायरॉईडला चांगलं म्हणून. महिनाभर मी ते प्यायले. मग एकदा मला पुरेसं बोलता यायला लागलं.

“थायरॉईड का?”

“मग काय सांगू?”

“त्याला नाव आहे. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय.”

“मेधा, लोक काय म्हणतील ते तुला माहीत नाही.”

“मला? की तुला?”

“मला,” तो म्हणाला. “बास? मला. मला लाज वाटली.”

निदान तो खरं बोलला. मी वहीत त्याच्या ओळीसमोर ‘कबुली मिळाली’ असं लिहिलं, पण खूण केली नाही.

तर वही. दोनशे पानी, चार रकाने: नाव, काय केलं, काय करायचं, झालं की बाकी. ही सुडाची यादी होती. पहिलं नाव कौस्तुभ, दुसरं सुहास. तिसरे ते एकतीस जोडलेले हात, एकत्र. अंथरुणातून उठता येत नव्हतं, दात घासायला अकरा वाजायचे, पण रोज एक ओळ लिहिता यायची. क्षमा केल्याने माणूस बरा होतो असं मला तीन जणांनी सांगितलं. मी यादी केल्याने बरी झाले. ज्यांना क्षमा जमते त्यांनी जरूर करावी.

डॉक्टरांपासून मी वही लपवली नाही. त्यांनी पहिलं पान पाहिलं.

“सूड घ्यायला ताकद लागते बघा. तुमच्याकडं आत्ता किती आहे?”

“रोज एका ओळीपुरती.”

“मग लिहा की. पण आधी जेवत चला.”

परत जाण्याची तालीम

हा भाग उपयोगी पडावा म्हणून सविस्तर लिहिते.

एप्रिलपासून सुहास मला आठवड्यातून दोनदा हेब्बाळला घेऊन जायचा. पहिल्या पाच वेळा आम्ही पार्किंगमध्ये दहा मिनिटं बसलो आणि परत आलो. आत जायचं नाही, असं आधीच ठरवलेलं, त्यामुळे हरल्यासारखं वाटलं नाही. सहाव्यांदा मी लिफ्टपर्यंत गेले. नागम्मा अक्का म्हणाल्या, “बन्नी, अक्का,” या, आणि खुर्ची सरकवली. मी बसले नाही. बटण दाबलं, लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं. मी आत गेले नाही. परत आले. घरी सईने विचारलं, “दाबलंस?” मी बोट दाखवलं.

आणखी एक. परत जाताना काय हवं ते आधी घरी बसून लिहा. तिथे गेल्यावर सुचत नाही, आणि समोरचा प्रेमाने बोलला तर जे सुचलेलं असतं तेही विसरतं. मी नऊ कलमं लिहिली होती. भिंतीकडची जागा. डोक्यावरची ट्यूब बंद. फोन करायच्या आधी मेसेज. काम लेखी. दिवसात एकच मीटिंग, विषय आदल्या दिवशी. कॅमेरा बंद. पहिले दोन महिने अर्धा दिवस. मागून येऊन कोणी हात लावायचा नाही. आणि नववं: रिलीजचं माझं काम, लीड म्हणून, मला परत.

नववंच खरं होतं. पहिली आठ त्यासाठी होती की ते काम परत मिळाल्यावर त्याच्या भोवतीच्या गोष्टींनी मला पुन्हा खाऊ नये.

मिनिट्स

आमच्या कंपनीत मिनिट्सचा एक नियम आहे. ते त्याच संध्याकाळी सगळ्यांना जातात, एक प्रत विभागप्रमुखांना. दोन कामाच्या दिवसांत कोणी लेखी हरकत घेतली नाही तर ते मान्य. हा नियम आठ वर्षांपूर्वी मीच घालून दिला होता.

कौस्तुभ त्या दिवशी फार प्रेमाने बोलला. मीटिंग हिंदी-इंग्रजीत झाली, मधूनमधून तो माझ्याकडे वळून मराठीत बोलत होता. मी सगळं लिहिलं. मी नेहमी मुद्दे लिहिते. त्या दिवशी वाक्यं लिहिली.

संध्याकाळी पाठवलेल्या मिनिट्समधला काही भाग देते.

‘२. कौस्तुभ यांनी सांगितले की मेधा “घरच्याच” आहेत. त्यांना “जे लागेल ते, अगदी काहीही” मिळेल. मागणीची यादी सोबत जोडली आहे, कलमे नऊ. श्रुती यांची संमती (“सरी, सरी”, दोनदा).

३. कौस्तुभ यांचे मत: “तसं बघितलं तर आपण सगळेच थोडे थोडे ऑटिस्टिक असतो.” बाकीच्यांना कोणत्या सोयी लागतील, याची चौकशी झाली नाही.

४. कौस्तुभ यांनी सांगितले की लीडचं टेन्शन मेधा यांना “सध्या नको”. “सध्या” म्हणजे किती, असे मेधा यांनी विचारले. उत्तर: “बघू.”

५. नोव्हेंबरात ग्रुपवर टाकलेल्या संदेशाबद्दल मेधा यांनी विचारले. उत्तर: “ते प्रेमाने लिहिलं होतं.” संदेश सोबत जोडला आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या टेबलाशी आला. समोरून आला, हे नमूद करते.

“ताई, हे असं कोणी लिहितं का?”

“कुठे चुकलंय सांग, दुरुस्त करते.”

“चुकलं नाहीये हो. पण बोलण्याच्या ओघात माणूस काहीही बोलतो.”

“हो. म्हणूनच लिहून ठेवायचं.”

“तुम्ही माझ्यावर चिडलाय का?”

“हो.”

याचं उत्तर ‘छे छे’ असं येतं, अशी त्याची समजूत होती. माझ्या पंचवीस वर्षांच्या यादीतही तसंच लिहिलेलं होतं. ते कलम मी खोडून टाकलं आहे.

“मग आता काय करू मी?”

“हरकत असली तर मेलवर पाठव. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे.”

हरकत घ्यायची तर स्वतःची वाक्यं पुन्हा स्वतःच्या हाताने लिहावी लागणार होती, आणि तीही विभागप्रमुखांना. बुधवारची संध्याकाळ गेली. हरकत आली नाही. गुरुवारी विभागप्रमुखांचा एका ओळीचा मेल आला: ‘“सध्या” कधी संपतं, तारीख कळवा.’ कौस्तुभने ऑगस्टअखेर अशी तारीख दिली. शुक्रवारी भिंतीकडची जागा मिळाली, ट्यूब निघाली. मी घरी जाऊन वही उघडली आणि पहिल्या ओळीसमोर ‘अर्धं झालं’ असं लिहिलं. फार बरं वाटलं. उदात्त वगैरे काही वाटलं नाही, नुसतं बरं वाटलं, उन्हातून आल्यावर गार पाणी प्यावं तसं.

हुबळी

माझ्या रजेत रिलीज पुढे ढकलत आणलेले होते; जुलैचा कौस्तुभ स्वतः करणार होता. चौऱ्याऐंशी कलमं त्याच्याकडे होतीच.

आता मी कबूल करते ते कोणाला आवडणार नाही. यादीत ‘सकाळी सहाला सुरू करणे’ असं होतं. का, ते नव्हतं. हुबळीच्या लॅबमध्ये शनिवारी साडेसात-आठच्या सुमाराला वीज जाते आणि तिथला इन्व्हर्टर दहा मिनिटंच टिकतो, म्हणून सहाला. ही गोष्ट माझ्या डोक्यात होती. होसूरच्या लॅबचा प्रिंटर अर्ध्या आकाराचा कागद घेतो, हीही. तिथला तंत्रज्ञ अनोळखी नंबर उचलत नाही, हीही. अशा गोष्टी मी नंतर मोजल्या, एकोणीस भरल्या. मी त्या कधी लपवल्या नव्हत्या. मला वाटायचं, दिसतातच की सगळ्यांना.

गुरुवारी ग्रुपवर मेसेज आला: ‘या वेळी आठला सुरू करू, सहाला कोण उठतं.’ मी तो वाचला. ट्यूब नसलेल्या, भिंतीकडच्या माझ्या जागी बसून वाचला. मला ठाऊक होतं काय होणार. मला कोणी विचारलं नव्हतं. मी चहा प्यायला गेले.

शनिवारी साडेआठला घरी फोन वाजला. आधी मेसेज नाही, सरळ फोन. हुबळीच्या लॅबच्या स्वागतकक्षातल्या निर्मला अक्का.

“अक्का, तुम्ही अजून रजेवरच काय हो? लाइट जाऊन आली, तेव्हापासून इथं काहीच चालंना झालंय. लोक उपाशीपोटी आलेत, शुगरच्या टेस्टसाठी. एक आजी तर चक्कर येऊन बाकावर आडवी झाली बघा.”

या माणसांचं नाव माझ्या वहीत नव्हतं. मी फोनवर वीस मिनिटं एकेक बटण सांगितलं. लॅब सुरू झाली. आजींचं रक्त घेऊन झालं, त्यांना चहा-बिस्किट मिळालं, याची मी खात्री करून घेतली. मग होसूरचा फोन आला. मग आणखी तिघांचे. बारा वाजेपर्यंत मी बोलत होते.

ग्रुपवर कौस्तुभने लिहिलं, ‘बघा, ताईंशिवाय होत नाही.’ जोडलेले हात आले. या वेळी मी मोजले नाहीत.

रविवारी सकाळी उठले तर शब्द येईनात. सुहासने दूध गॅसवर ठेवताना भांड्यावर भांडं आपटलं आणि मी कान दाबून खाली बसले. सई मिक्सर उचलून बाल्कनीत घेऊन गेली. सुहास दारात उभा होता. शेजारच्या अक्का काहीतरी द्यायला आल्या, “थायरॉईड परत वाढलं काय?” म्हणाल्या. मी आतून ऐकलं, तो म्हणाला, “थायरॉईड नाही, अक्का. ती ऑटिस्टिक आहे. मी तेव्हा खोटं सांगितलं. आज स्वल्प शांतता हवी.” स्वल्प म्हणजे थोडी. त्या दिवशी मी त्याच्या ओळीसमोर खूण केली. खूण वाकडी आली आहे.

तारीख

बोलणं मंगळवारी परत आलं. कौस्तुभ भिंतीपाशी आला, आधी मेसेज करून.

“ताई, विभागप्रमुखांनी मला सांगितलंय, तुमच्या डोक्यातल्या गोष्टी पुढच्या रिलीजच्या आधी कागदावर हव्यात. नाहीतर... माझं अवघड आहे.”

“किती अवघड?”

“बरंच.” त्याने घाम पुसला. “तुम्ही लिहून द्या. लीड मी आजच तुमच्या नावावर करतो. ऑगस्टची वाट नको बघायला. आणि तो मेसेज, नोव्हेंबरचा... तसा लिहायला नको होता.”

“हे मिनिट्समध्ये घालू?”

त्याने मागे वळून हॉलकडे पाहिलं. “घाला,” म्हणाला.

मी घातलं. हरकत आली नाही. लीड माझ्या नावावर झालं, तसा मेल आला; माझे अर्ध्या दिवसाचे महिने संपेपर्यंत शनिवारी रिलीज चढवायचं काम मात्र कौस्तुभकडेच होतं. नऊची नऊ कलमं मिळाली. राहिली ती माझ्याकडची बाजू.

शुक्रवारी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. चहा प्यायला गेले होते, तेही.

“लिहून दिलं तर तो सुटेल,” मी म्हणाले. “नाही दिलं तर पुढच्या रिलीजला तो सगळ्यांसमोर आपटेल. मला फक्त गप्प बसायचंय.”

“गप्प बसायला तुम्हाला जमतं,” त्या म्हणाल्या. “पण आपटेल तो, आणि फोन कोणाच्या घरी वाजणार?”

मी फोन पिशवीत टाकला.

“क्षमा करा असं मी म्हणत नाही हं. त्याचं नाव ठेवा की वहीत. पण त्या एकोणीस गोष्टी तुमच्याजवळ राहिल्या, तर तुमच्यासारखं कोणाला जमणारच नाही. कधीच.”

हे वाक्य मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. माझ्या वहीतून त्यांनी वाचलं असणार.

हे लिहिते आहे तेव्हा पुढचा रिलीज नऊ दिवसांवर आहे. काल मी नवं पान उघडलं, वर ‘यादीबाहेरच्या गोष्टी’ असं शीर्षक टाकलं, एकपासून एकोणीसपर्यंत आकडे घातले. पहिल्या आकड्यापुढे ‘हुबळी’ लिहिलं. मग हे पान हातात घेऊन कौस्तुभ सुटकेचा निःश्वास सोडतोय, असं डोळ्यांसमोर आलं आणि मी पेनाला टोपण घातलं. सईने विचारलं, “लिहिलंस?” मी एक बोट दाखवलं. “एकच?” ती म्हणाली, आणि पान माझ्या पुढ्यात सरकवून मिक्सर घेऊन बाल्कनीत गेली.

मंगळवारच्या मिनिट्समधलं शेवटचं कलम असं आहे.

‘६. यादीबाहेरच्या एकोणीस गोष्टी लिहून देणे. जबाबदारी: मेधा. तारीख: मेधा ठरवतील. स्थिती: बाकी.’